वरचा कप्पा

आमच्या इमारतीत चार मजले विज्ञान आहे आणि तळघरात मी. वरचे फ्रीज, ओव्हन, पंप, वजनकाटे, जे काही बंद पडेल ते माझ्याकडे खाली येतं, नाहीतर मी पेटी उचलून वर जाते. बावीस वर्षं हेच करते आहे. एवढ्या वर्षांत माझी एक खात्री झाली आहे, की प्रोफेसर माणसाची पारख त्याच्या व्याख्यानावरून करू नये, त्याच्या फ्रीजवरून करावी. एकाच्या फ्रीजमध्ये नमुन्यांच्या बाटल्यांना खेटून जेवणाचा डबा असतो. दुसऱ्याच्या फ्रीजमधला बर्फ छिन्नीने फोडावा लागतो. आणि फ्रीज बंद पडला की हीच मंडळी माझ्या दारात येऊन 'माझं चार वर्षांचं काम आहे हो त्यात' म्हणून गळा काढतात. चार वर्षांचं काम आत ठेवलं, पण दार नीट लावायचं काही कुणाला सुचलं नाही.

तर ही मंडळी दरवर्षी एक 'संशोधन संधी मेळावा' भरवतात. पदवीच्या मुलांना प्रयोगशाळेत काम करायला मिळावं हा त्यामागचा थोर हेतू. सभागृहात वीस टेबलं, प्रत्येक टेबलामागे एक प्रोफेसर, त्याच्या मागे रंगीत पोस्टर. मला तिथे तीन सूक्ष्मदर्शक नेऊन मांडायला सांगितलं होतं, कारण संशोधन चालू आहे असं दिसायला सूक्ष्मदर्शक लागतो. त्यातल्या एकाचा दिवा गेलेला होता. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, असू दे, तोच मधोमध ठेवा, तो मोठा दिसतो.

त्या गर्दीत माझी भाचीही होती. माझ्या मोठ्या बहिणीची एकुलती एक मुलगी, बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला. पाच वर्षांची असताना ती घराच्या भिंतीवरच्या मुंग्यांच्या रांगेमागे घरभर फिरली होती, आणि तासाभराने येऊन आकडा सांगितला होता. तेव्हापासून आम्ही तिला मुंगीच म्हणतो. ती वही घेऊन एकेका टेबलापाशी जात होती आणि मी सूक्ष्मदर्शकाच्या आडून ऐकत होते.

"आम्हाला मार्क नकोत, फक्त कुतूहल हवं," पहिले प्रोफेसर म्हणाले.

"ते आहे माझ्याकडे," मुंगी म्हणाली.

"छान! लॅबमधला अनुभव?"

"अजून नाही, सर. त्यासाठीच आले."

"मग थोडा अनुभव घेऊन ये ना. मग बघू."

"कुठे घेऊ?"

"कुठल्याही लॅबमध्ये," असं म्हणून त्यांनी शेजारच्या टेबलाकडे हात केला. शेजारच्यांनी त्याच्या शेजारी. वीस टेबलं फिरून पोरगी परत पहिल्याच टेबलापाशी आली, तेव्हा ते पोस्टर गुंडाळत होते.

तिला संशोधन कशाला हवं होतं, तेही सांगते. इथे चौथ्या वर्षाला एक संशोधन शाखा आहे. जागा बारा. तिथे जायचं तर एक सत्र कुठल्यातरी प्रयोगशाळेत काम केलेलं पाहिजे आणि त्या गाईडचं शिफारसपत्र पाहिजे. ते नसेल तर तिसऱ्या वर्षाअखेर पदवीचा कागद घ्यायचा आणि दारातून बाहेर पडायचं. मुंगीला त्या बारा जागांखेरीज जगात काही दिसत नव्हतं. मी बऱ्याच मुलांचे असले ध्यास आले-गेलेले पाहिले आहेत, पण हिचा जाणारा नव्हता. ती दात घासतानाही काहीतरी मोजत असायची.

दुसऱ्या मजल्यावर 'संधी कक्ष' नावाची एक खोली आहे. मंगळवारी अकरा ते एक उघडी. तिथल्या कारकुनाने मुंगीला एक फॉर्म दिला. फॉर्मच्या शेवटी ओळ होती: मार्गदर्शकाची सही. मुंगी म्हणाली, मार्गदर्शक शोधायलाच तर मी आले आहे. कारकून म्हणाला, फॉर्म पूर्ण भरून आणा, मग आम्ही मार्गदर्शक शोधायला मदत करू. त्याला यात काही चुकतंय असं अजिबात वाटत नव्हतं. दोन तासांत त्याने असले तीस फॉर्म वाटले आणि एक वाजता कुलूप लावलं.

मग तिने पत्रं लिहिली. एक्केचाळीस. प्रत्येकाचा एकेक शोधनिबंध वाचून, त्यातला एकेक प्रश्न विचारून. तीन उत्तरं आली. एक यंत्राने आपोआप पाठवलेलं, की प्रोफेसर रजेवर आहेत. ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. दुसऱ्याने तिच्याकडून स्वतःची एक प्रश्नावली भरून घेतली आणि आभार मानले. तिसऱ्याने 'प्रिय महोदय' अशी सुरुवात करून स्वतःच्याच व्याख्यानाचं निमंत्रण धाडलं.

तोवर तिच्या वर्गातल्या सहाजणांना जागा मिळाल्या होत्या. त्यातल्या चौघांच्या काकाची नाहीतर आत्याची कुठल्या ना कुठल्या मजल्यावर खुर्ची होती. मी याला वशिला म्हणते आणि उभ्या जन्मात कधी त्याच्या वाटेला गेले नव्हते. उलट अशा लोकांची टर उडवण्यात माझी निम्मी नोकरी गेली. पण ताईचा फोन आला. "बावीस वर्षं तू त्या इमारतीत आहेस," ती म्हणाली, "आणि पोरीला एक दार उघडून देता येत नाही तुला? काय उपयोग मग तुझा?" मला ते फार लागलं. मी फोन आपटला आणि दिवसभर जो समोर येईल त्याच्यावर डाफरत राहिले.

पुढच्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचे अर्कवाले सर खाली माझ्याकडे आले. हे नाव मी ठेवलेलं. सर कुठल्याशा झुडपाच्या पानांचा अर्क काढतात आणि तो दिला की बी दीड दिवस आधी उगवतं, असा त्यांचा शोध आहे. या शोधावर तीन वर्षं, दोन शोधनिबंध आणि परदेशच्या तीन वाऱ्या झाल्या होत्या. तर त्यांचा ग्रोथ चेंबर बंद पडला होता. म्हणजे आत दिवे आणि ठरावीक गारवा असलेलं, काचेच्या दाराचं उंच कपाट. त्यात बिया उगवायला ठेवतात. कॉम्प्रेसरचा एक सुटा भाग गेला होता. मी म्हटलं, तो मागवावा लागेल, तीन आठवडे तरी जातील. सरांचा चेहरा उतरला. मग मी म्हटलं, "माझी भाची आहे, सर, तिसऱ्या वर्षाला. कामाला वाघ आहे. तिला कुठे लॅब मिळत नाही."

सर एका दमात समजले. अशा बाबतीत ही माणसं फार हुशार असतात. "अहो, मग पाठवा की उद्याच," ते म्हणाले.

तो भाग माझ्या खणातच होता. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी तो बसवून टाकला. मुंगीला यातलं काही सांगितलं नाही. तिला वाटलं, आपण नुकत्याच सरांना धाडलेल्या बेचाळिसाव्या पत्राला यश आलं. ती नाचत माझ्या तळघरात सांगायला आली, तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून एक पंप उघडत बसले.

तिचं काम असं होतं. पेट्री डिश म्हणजे काचेची पसरट बशी. तिच्यात ओला फिल्टर पेपर घालायचा, त्यावर चिमट्याने पन्नास बिया मांडायच्या. बारा बशांना अर्क, बारा बशांना साधं पाणी. अर्काच्या झाकणावर लाल ठिपका, पाण्याच्या झाकणावर निळा. रोज किती उगवल्या ते मोजायचं. चोवीस गुणिले पन्नास, बाराशे बिया, दिवसातून दोनदा. कुणाचंही डोकं फिरेल. मुंगी मात्र घरी जाऊन ताईला आकडे सांगायची, जसे कुणी शेजारणीचे किस्से सांगावेत.

तिला शिकवायला सरांचा पीएचडीचा विद्यार्थी होता. सर त्याची ओळख 'हा माझा उजवा हात' अशी करून द्यायचे, म्हणून मीही त्याला उजवा हातच म्हणते. हा हात कधी काही उचलताना मी पाहिला नाही. तो मुंगीला म्हणाला होता, "इथे सगळं पद्धतीने चालतं. विचारत बसायचं नाही, बघून शिकायचं." मुंगीने विचारलं नाही आणि त्याने दाखवलं नाही. मग तो दहा दिवसांसाठी परिषदेला निघून गेला.

तो गेला आणि चेंबरच्या वरच्या कप्प्यातली ट्यूब फडफडायला लागली. सरांनी मला बोलावलं. चोक बदलायचा तर कपाट रिकामं करावं लागतं. नवीन बिया मांडून एकच दिवस झाला होता, आणि त्या बशा जाण्याआधी उजव्या हातानेच आत लावल्या होत्या. मुंगीने चोवीस बशा बाहेर काढल्या, मी चोक बदलला, तिने त्या परत आत ठेवल्या. प्रत्येक झाकणावर नंबर होता, तेव्हा तिने सरळ नंबराप्रमाणे लावल्या. एक ते बारा वरच्या कप्प्यात, तेरा ते चोवीस खालच्या. लाल ठिपके विषम आकड्यांवर आणि निळे सम आकड्यांवर होते, त्यामुळे दोन्ही कप्प्यांत दोन्ही रंग निम्मे-निम्मे आले. एवढंच झालं. कुठल्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

पण त्या लॅबची पद्धत निराळी होती. तिथे तीन वर्षं लाल ठिपक्यांच्या बशा वरच्या कप्प्यात आणि निळ्या खालच्या कप्प्यात ठेवल्या जात होत्या. का, तर महत्त्वाच्या बशा नजरेच्या उंचीवर असल्या की मोजायला बऱ्या पडतात. खाली वाकायचा कंटाळा. आधी कुणीतरी तसं केलं, दुसरा ते बघून शिकला, तिसऱ्याने निबंधात छापलं.

उजवा हात परत आला, त्याने मुंगीची वही उघडली आणि तीच पानं पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. लाल आणि निळं यांत काही फरकच नव्हता. अर्क दिला काय आणि पाणी दिलं काय, बिया सारख्याच उगवल्या होत्या. मग त्याने कपाट उघडून बशा पाहिल्या आणि त्याचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर ऐकू गेला. "सगळा डेटा वाटोळा केलास! लाल वर ठेवायच्या एवढंही कळत नाही? कुणी घेतलं हिला?"

मुंगी रडली असेल, पण माझ्याकडे आली तेव्हा डोळे कोरडे होते. तिने तेच आकडे वहीत पुन्हा मांडले होते, ठिपक्याप्रमाणे न मांडता कप्प्याप्रमाणे. वरच्या कप्प्यातल्या सगळ्या बशा, लाल असोत की निळ्या, दीड दिवस आधी उगवल्या होत्या.

"मावशी," ती म्हणाली, "वरचा कप्पा जास्त गरम आहे का गं?"

"आहे म्हणजे काय! चांगला तीन अंशांनी. दिवे वर, चोक वर, गार हवा खालून येते आणि तापमान मोजणारा सेन्सर खालच्या कप्प्यात. वर हात घातलास तरी कळेल."

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"तीन वर्षांपूर्वी चेंबर मीच बसवलाय. मोजून, पावतीवर लिहून दिलंय." मला भलताच चेव आला. खालचा खण ओढून मी जुन्या पावत्यांचं बाड काढलं आणि तिच्यापुढे ती पावती आपटली. 'वरचा कप्पा तीन अंश गरम. बशा दोन्ही कप्प्यांत आलटून पालटून ठेवाव्यात.' खाली माझी सही, आणि 'वाचून समजून घेतले' या छापील ओळीखाली अर्कवाल्या सरांची सही, शाईच्या पेनाने, मोठी झोकदार. "बघ! बघ यांचं वाचन! सही कशाखाली करतो ते बघायचे कष्ट नाहीत, आणि चाललेत जगाला बी उगवायला शिकवायला. तीन वर्षं कपाटाच्या उबेला शोध म्हणून विकतायत!" मी हसत सुटले. फार दिवसांनी इतकी मजा आली होती.

मुंगी हसली नाही. ती पावती वाचत होती. "मग तू पुन्हा का नाही सांगितलंस?" तिने विचारलं. "निबंध छापले तेव्हा? किंवा मी आले तेव्हा?"

"मला कोण विचारतं तिथे?" मी म्हटलं.

"मी विचारलं असतं," ती म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता. मला तो बसला खरा.

ती वही घेऊन सरांकडे गेली. सर चिडले नाहीत. चिडायला ते काही उजवा हात नव्हेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तिच्या कुतूहलाचं कौतुक केलं आणि म्हणाले, की अशा घाईच्या निष्कर्षांनी विज्ञान पुढे जात नाही. बशा चुकीच्या जागी गेल्या ही मानवी चूक. तो आठवडा वगळायचा, विषय संपला. तेवढं तिने लिहून द्यावं, म्हणजे लागलीच शिफारसपत्र तयार. पत्र शुक्रवारी पाचच्या आत कार्यालयात पोचायला हवं होतं, आणि तो बुधवार होता. वर त्यांनी पुढच्या निबंधात तिचं नाव घालण्याचंही बोलून दाखवलं, पाचव्या क्रमांकावर.

त्या कागदातली खुबी अशी, की त्यात धड खोटं काही नव्हतं. बशा पद्धतीप्रमाणे ठेवल्या नव्हत्या हे खरंच होतं. बावीस वर्षांत मी या मंडळींची अक्कल पाहिली नव्हती ती त्या एका कागदात पाहिली.

संध्याकाळी मी ताईकडे गेले. ताई मशिनवर एक पडदा शिवत होती. "सही करून मोकळी हो," ती मुंगीला म्हणाली. "तुझ्या नावावर चूक लागली तर लागली. आम्ही काय तुला घरातून काढणार आहोत? वर्ष वाया गेलं तर काय करशील?"

"आई, त्यांचा शोधच खोटा आहे."

"अगं, त्यांच्या अर्काने कुणी मेलं का? बी उगवतंय ना? मग!"

मुंगी माझ्याकडे वळली. "मी सरांना सांगितलंय, की मावशीला विचारा. चेंबर तिने बसवलाय, तिला सगळं माहीत आहे. ते तुला शुक्रवारी बोलावतील. तू जे आहे ते सांगशील ना?"

"सांगेन की! कुणाच्या बापाला भिते काय मी?" मी म्हटलं. आणि त्या वेळी मी ते मनापासून म्हटलं होतं.

शुक्रवारी दुपारी तीनला उजव्या हाताचा फोन आला. मी कोटाच्या खिशात थर्मामीटर घातला, पावती घातली आणि जिने चढायला लागले. काय बोलायचं ते पायरीपायरीवर ठरवत होते. आधी म्हणायचं, 'चला, आत्ता तुमच्यासमोर मोजते.' मग पावती टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, 'ही सही कुणाची आहे तेवढं वाचून दाखवा, सर.' या वाक्यावर मी इतकी खूश होते, की दुसऱ्या मजल्यावर थांबून ते एकदा पुटपुटून पाहिलं.

सरांच्या खोलीत मुंगी टेबलाच्या अलीकडे उभी होती, उजवा हात खिडकीपाशी. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी. एक मुंगीच्या सहीसाठी ठेवलेला: 'माझ्या निष्काळजीपणामुळे बशा चुकीच्या जागी ठेवल्या गेल्या, सबब तो आठवडा वगळावा.' दुसरं शिफारसपत्र, सरांच्या सहीवाचून थांबलेलं. दोन्हींच्या मध्ये एकच पेन.

"या बाई, बसा," सर म्हणाले. बावीस वर्षांत मला त्या मजल्यावर कुणी बसा म्हटलं नव्हतं. आणि मी बसले.

"ही म्हणते, वरचा कप्पा तीन अंशांनी गरम आहे. तुम्ही यातल्या जाणकार. म्हटलं, तुम्हालाच विचारावं." ते अगदी सौम्यपणे बोलत होते. "कसं आहे, हिला आपण घेतलं ते तुमच्या शब्दावर. तो सुटा भागही तुम्ही एका रात्रीत आणलात, विसरलो नाही मी. तेव्हा आता हेही तुमच्याच शब्दावर मिटवू."

मुंगीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

"तुम्ही हो म्हणालात," सर पुढे म्हणाले, "तर मला सगळं थांबवावं लागेल. चौकशी लावावी लागेल. हिचं सत्रही त्यातच आलं. मग मी शिफारस कशाची करू? नाही म्हणालात, तर काहीच प्रश्न नाही. बोला."

पावती माझ्या खिशात बोटांना लागत होती. समोर शिफारसपत्र होतं, त्यावर तिचं पूर्ण नाव टाइप केलेलं. साडेतीन वाजले होते. मला भीती वाटली. पोरीच्या भल्यासाठीच वाटते आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पण खुर्चीत बसल्यापासून माझा आवाजही बदलला होता, तो काही पोरीसाठी बदलला नव्हता.

"असं एकदम कसं सांगणार, सर," मी म्हटलं. "मोजावं लागेल. थोडाफार फरक सगळ्याच मशिनांत असतो."

थोडाफार! ज्या बाईने बावीस वर्षं साऱ्या इमारतीला नावं ठेवली, तिच्या तोंडून हे निघालं. उजव्या हाताने खिडकीबाहेर बघत सुटकेचा श्वास सोडला. सर म्हणाले, "झालं तर मग."

मुंगीने तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग पेन उचललं आणि सही केली. पेन सरांच्या हातात दिलं आणि त्यांनी पत्रावर सही केली, तशीच झोकदार. त्यांनी तिचं अभिनंदन केलं. तिने आभार मानले, नीट, व्यवस्थित.

बाहेर आल्यावर मी तिच्या मागे मागे बोलत सुटले. "अगं, एक सहीच तर आहे. काय बिघडतं? उद्या तुझी स्वतःची लॅब होईल ना, तेव्हा वागशील तुला हवं तसं. आधी आत शिरायला तर हवं. तुझ्यासाठीच केलं मी हे, कळलं ना?"

ती जिन्यापाशी थांबली. "पावती आणली होतीस?"

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायला आता जागाच राहिली नव्हती.

"मी सकाळी सरांना सांगितलं होतं," ती म्हणाली, "की मावशी हो म्हणाली तर मला पत्र नको. खरंच नको म्हणून सांगितलं होतं, त्यांनी फाडलं असतं तरी चाललं असतं. ते हसले. म्हणाले, बघू या, तुझी मावशी काय म्हणते ते."

मी खिशातली पावती चाचपली.

"तू काय म्हणशील ते त्यांना माहीत होतं, मावशी," ती म्हणाली. "मलाच माहीत नव्हतं."

मग तिने घड्याळ पाहिलं, पत्राला घडी पडू नये म्हणून ते वहीत सरळ ठेवलं, आणि कार्यालय बंद व्हायच्या आत पोचायला भराभर जिना उतरून गेली.